ठिपक्यांतले एकवीस

सेरिरित, उत्तर बाली
१२ जानेवारी २०१७

चि. कोमांग,
ॐ स्वस्त्यस्तु.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो, ती शांतपणे वाचावी. सुलावेसीला जाण्यासाठी तू बस धरलीस तेव्हा तुझ्या डाव्या पायात माझी चप्पल होती. माझी हिरवी, तुझी तपकिरी. एवढा भेद सोडला तर दोन्ही सख्ख्या बहिणी, हे मान्य. परंतु परिणाम असा झाला आहे की दोन पिढ्यांना संस्कृत शिकवलेला तुझा हा मामा एका पायात हिरवी आणि एका पायात तपकिरी घालून बाजारातून हिंडतो आहे. मासेवालीने विचारलं, "गुरुजी, हे कुठल्या पोथीत सांगितलंय?" मी म्हटलं, "शोधतोय." तुझी आई म्हणते, नवी जोडी घ्या. घेणार नाही. अपहृत वस्तूच्या मालकाने नवी वस्तू घेतली की त्याने हक्क सोडला, असं मानण्याची वाईट सवय जगाला आहे.

हक्कावरून आठवलं. तू निघून गेलास म्हणून तुझी बाजू मांडणारं कुणी उरलं नाही, असा जर जिल्हा कचेरीचा समज झाला असेल तर तो मी काल दूर केला. तिथे भरतीचं काम पाहणाऱ्या सुभागियासाहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, "साहेब, ताडपत्र-वाचकाच्या जागेसाठी लेखी परीक्षा घेतलीत, त्यात माझा भाचा पहिला. जुनी अक्षरं वाचायची परीक्षा घेतलीत, त्यात पहिला. मग दवाखान्याने लिहिलं, 'अंशतः रंगांध', आणि तुम्ही त्याला यादीतून काढलंत. आता मला सांगा, ताडपत्रावर रंग किती असतात?"

"किती?"

"पान सुकलेलं असतं. सुरीने कोरलेल्या अक्षरांत काजळी भरलेली असते. संपलं."

"तो मुद्दा नाही, गुरुजी. सरकारी नोकरीला नजर निर्दोष लागते."

"तुम्ही हा चष्मा लावलाय तो?"

"चष्मा चालतो."

यावर मी नमस्कार करून बाहेर पडलो, कारण पुढे जे बोललो असतो ते शुद्ध भाषेत बसणारं नव्हतं.

तुमच्या त्या डोंगरात फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच आहे. फोनवर मी दर वाक्यामागे "ऐकू येतंय का" विचारतो. पत्रात ते विचारावं लागत नाही.

आपल्या ताडपत्र-संग्रहातल्या तुझ्या स्टुलावर कुणी बसत नाही. पानांना गवती चहाचं तेल लावायचं काम साचलं आहे. डिसेंबरात मी निवृत्त होतो. त्यानंतर तिथे जुनी अक्षरं वाचणारं कुणी राहत नाही. हे तुला हळवं करण्यासाठी लिहीत नाही, ही प्रशासकीय माहिती आहे.

तुझा,
नेंगाह मामा

•

पारिगीजवळ, मध्य सुलावेसी
३ फेब्रुवारी २०१७

प्रिय मामा,
नमस्कार.

चपलेबद्दल माफ करा. खरं सांगतो, तुमचं पत्र येईपर्यंत मला कळलंच नव्हतं. पत्र वाचून दोन्ही चपला रेंतिनी आत्यापुढे ठेवल्या. ती म्हणाली, "एक हिरवी, एक तपकिरी, आणि तू बावळट." मग तिला हसू आवरेना.

इथे सगळे आपलेच लोक आहेत. आत्या लग्न होऊन आली तेव्हा नुसतं जंगल होतं म्हणे. आता देऊळ आहे, गामेलान वाद्यांचा ताफा आहे, एकमेकांच्या घरातली भांडणंसुद्धा आपल्याकडचीच आहेत. आत्याची कोकोची बाग मोठी आहे. फळ पिवळं झालं की तोडायचं, एवढंच काम. पण मला लांबून सगळी फळं सारखी. पहिल्याच दिवशी मी निम्मी टोपली कच्च्या फळांनी भरली. आतोबा म्हणाले, "अरे, मग सरकारचं काय चुकलं?" थट्टाच होती. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता मी फळ हलवून बघतो. पिकलं असेल तर आत बिया सुट्या होऊन हलतात. वेळ लागतो, आणि आत्या मागून ओरडते, "कोमांग, लग्नाची मुलगी बघतोयस का फळ?"

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत दवाखान्यात काय झालं ते. आईने विचारलं होतं, तिला मी "काही नाही" म्हटलं. झालं असं. एक पुस्तक असतं, प्रत्येक पानावर नुसते ठिपके, आणि ठिपक्यांत आकडा. पहिलं पान आलं. बारा. बरोबर. मग एक पान आलं.

"किती?"

"एकवीस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चौऱ्याहत्तर आहेत."

"मला एकवीस दिसतात, डॉक्टर."

"एकवीस नाहीतच तिथे."

मग त्यांनी बाकीची पानं भराभर उलटली आणि लिहून टाकलं. मामा, मला काही दिसत नाही असं नाही ना. मला एकवीस दिसतात. अगदी स्पष्ट. दोन आणि एक.

रात्रभर मी लहानपणचं आठवत बसलो. आई बाजारात विकायला नैवेद्याचे चनांग, ते झावळीचे द्रोण, करायची आणि मी फुलं लावायला बसायचो. पूर्वेला पांढरं, पश्चिमेला पिवळं, दक्षिणेला लाल, उत्तरेला निळं. लाल-गुलाबी आणि निळं माझं नेहमी उलटसुलट व्हायचं. आई धपाटा घालणार तेवढ्यात तुम्ही आलात. बघून म्हणालात, "थांब. इतर बालीत डोंगर उत्तरेला. आपल्याकडे डोंगर दक्षिणेला. पोरानं क्रम फिरवला तो बरोबर आहे, एका जुन्या पानात असंच आहे." आठवतंय? त्यानंतर आई तसंच विकायला लागली आणि आपली सगळी गल्ली तसंच लावायला लागली. म्हणून मला चोवीस वर्षं कुणी पकडलं नाही.

इथे समुद्र पूर्वेला आणि डोंगर पश्चिमेला. सकाळी उठलो की क्षणभर मला कळत नाही मी कुणीकडे डोकं करून झोपलोय. मग पायरीवर बसून डोंगर शोधतो, आणि तो आपला नसतो.

गवती चहाच्या तेलाची एक लहान बाटली पाठवाल का? कशासाठी असं विचारू नका.

तुमचा,
कोमांग

•

सेरिरित
८ मार्च २०१७

चि. कोमांग,

बाटली पाठवली आहे. कशासाठी असं विचारलेलं नाही.

चनांगच्या प्रकरणाबद्दल मी एवढंच म्हणतो की ते पान खरोखर आहे. कुठे आहे ते सापडत नाही, हा वेगळा विषय. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ ताडाच्या झावळ्या चिरत बसली. मग म्हणाली, "दादा, म्हणजे आपल्या गल्लीनं इतकी वर्षं देवाला उलटीच फुलं वाहिली?" मी म्हटलं, "तसं म्हणता येईल." त्यावर म्हणाली, "मग देवाला चाललं ते कचेरीला का चालत नाही?"  क्रम बदलायला ती तयार नाही. आजही सगळ्या गल्लीत दारोदार तुझाच क्रम आहे.

कचेरीची कथा पुढीलप्रमाणे. सुभागियासाहेबांनी दयाळूपणे सुचवलं की नव्या कायद्याप्रमाणे अपंगांसाठी राखीव जागा असतात, त्यातून अर्ज करा. अपंग कल्याण विभाग त्याच इमारतीत आहे, वरच्या मजल्यावर. जिन्याने जावं लागतं. गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं,

"भाचा चालतो का?"

"चालतो."

"ऐकतो?"

"माझं सोडून सगळ्यांचं."

"दिसतं?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा बारीक दिसतं."

"मग गुरुजी, तो अपंग कसा? रंगांध आमच्या वर्गवारीत येत नाही."

"तर मग तो धडधाकट आहे असं खालच्या मजल्याला लिहून द्या."

"खालच्यांना आमचं लागू नाही."

सारांश, वरच्या मजल्यावर तू पुरेसा अपंग नाहीस आणि खालच्या मजल्यावर पुरेसा धड नाहीस. जिन्यात एखादी जागा रिकामी आहे का, असं मी विचारलं. शिपाई हसला. बाकी कुणी हसलं नाही.

आता नीट लक्ष दे. गडे मुर्दित नावाचा माझा एक जुना विद्यार्थी आरोग्य खात्यात आहे. संस्कृतात तो जेमतेम पास झाला, त्यामुळे त्याची माझ्यावर अपार श्रद्धा आहे. त्याने फेरतपासणी मिळवली. मंगळवार, ११ एप्रिल. गालुंगानचा सण संपून आठवडा झालेला असेल. ठिपक्यांचं पुस्तक सगळीकडे तेच असतं आणि इथे पानंही त्याच क्रमाने दाखवतात, असं तो म्हणाला, आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवून चहा प्यायला निघून गेला. बराच वेळ पीत होता.

पोथीच्या शेवटी जसं वर्ष शब्दांत लिहितात तसे मी ते आकडे शब्दांत बसवले आहेत. एकं आधी, दहं नंतर, हे तुला सांगायला नको. बारा म्हणजे नेत्र-चंद्र: डोळे दोन, चंद्र एक. चौऱ्याहत्तर, सागर-पर्वत. सहा, ऋतू. पंचेचाळीस, बाण-सागर. पूर्ण श्लोक सोबतच्या कागदावर आहे. वृत्तात एक मात्रा कमी पडते आहे, तिकडे दुर्लक्ष कर.

हे खोटं बोलणं होतं का, यावर मी दोन दिवस विचार केला. तर्काने पाहता, डॉक्टर विचारतात "किती?" तुला किती दिसतात असं ते विचारत नाहीत. चौऱ्याहत्तर आहेत ही वस्तुस्थिती तुला त्यांनीच सांगितलेली आहे. तू फक्त वस्तुस्थिती सांगायची. आई म्हणते, "दादा, हे तुम्ही त्याला सांगताय का स्वतःला?" तिला तर्कशास्त्र शिकवलं नाही ते बरंच झालं.

आधी दवाखाना, मग घर. जेवायला लावार करून ठेवतो. नारळ मी खवणार आहे, म्हणजे उशीर करू नकोस.

मामा

•

पारिगीजवळ
२७ मार्च २०१७

प्रिय मामा,

श्लोक पाठ झाला. एक मात्रा खरंच कमी आहे, पण मी तिथे थोडा थांबतो, मग चालतं.

पाठांतर बागेत करतो. पण इथे एक भानगड झाली. नेत्र-चंद्र, सागर-पर्वत असं रोज पुटपुटताना लोकांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं मी मंत्र म्हणतोय. शेजारच्या घरी डुकरीण अडली होती. म्हातारा हात जोडून आला, "बाबा, तुमचा तो समुद्राचा मंत्र म्हणा ना." मी म्हटलं, "आजोबा, तो तसला नाही." आत्या म्हणाली, "म्हण रे, तुझं काय जातंय?" म्हटला. सगळी पिल्लं जगली. आता रस्त्यात बायका वाट सोडून उभ्या राहतात आणि आतोबा मला पुजारीबुवा म्हणून हाक मारतात.

तुमची बाटली पोचली. उशाशी ठेवली आहे. बूच जरासं उघडून लगेच लावतो, संपायला नको म्हणून.

गालुंगानला आपल्या दारात वाकलेला बांबू कोण उभारणार? तुमच्या कमरेत उसण भरते. मी येईपर्यंत तो काढू नका. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर दोन्ही बाजूंचे बांबू वर वाकून येतात ना, ते मला बघायचं आहे. परवा स्वप्नात तेवढंच दिसलं, त्यात माणसं नव्हती.

दहा तारखेच्या बोटीने नाही, आधीच्या बोटीने निघतो. उशीर होणार नाही.

कोमांग

•

जहाजावर, सुराबाया ते मकासार
१४ एप्रिल २०१७

मामा,

लावार वाया गेलं असेल. आधी त्याची माफी मागतो, मग बाकीच्याची.

सकाळी बसमधून उतरून सरळ दवाखान्यात गेलो. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या, तरुण. त्यांनी पुस्तक उघडलं. बारा म्हणालो, पुढचं म्हणालो, त्याच्या पुढचंही. मला इतकं पक्कं पाठ होतं की एकदा त्यांनी पान अर्धवट उचललं आणि मी म्हणून मोकळा झालो, "बाण-सागर."

"काय?"

"पंचेचाळीस."

"अहो, पान अजून उलटलं नाही मी."

  मग त्यांनी दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मुर्दितसाहेबांनी मला सांगितलेलं आहे. तुम्ही फक्त जरा सावकाश बोला." आणि मागचं एक पान पुन्हा काढलं. तेच होतं. मला ओठांवर आलं होतं, सागर-पर्वत. खरंच आलं होतं. तेवढ्यात त्यांनी अगदी सहज विचारलं, "काय दिसतंय तुम्हाला?"

मामा, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "एकवीस."

"एकवीस?"

"दोन आणि एक. स्पष्ट."

त्यांनी पुस्तक स्वतःकडे फिरवून बराच वेळ बघितलं, जणू त्यांनाही सापडतात का. मग म्हणाल्या, "मला नाही दिसत. बघा, एवढा बारीक फरक. पण आता मला लिहावं लागेल." मी म्हटलं, "लिहा." रडवेल्या दिसत होत्या, म्हणून मीच त्यांना म्हटलं, "मॅडम, ताडपत्रावर ठिपके नसतात." त्या हसल्या आणि त्यांनी लिहिलं.

बाहेर आलो तेव्हा मोकळं वाटत होतं. बाजार ओलांडेपर्यंत वाटत होतं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि बांबू दिसले. तुम्ही काढले नव्हते. तुम्ही दारात उभे होता, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, साते भाजून विकणाऱ्याची गाडी अडवून त्याच्याशी कशावरून तरी भांडत होता. आतून आईचा खोकला ऐकू आला. मी समोरच्या चाफ्याच्या झाडाखाली उभा राहिलो. मला वाटलं, आत गेलो तर सांगावं लागेल, आणि सांगितल्यावर आई मला पान वाढेल आणि काही बोलणार नाही. ते मला झेपलं नसतं. आणि एकदा त्या ओसरीवर बसलो असतो तर मग उठलो नसतो, मामा. कुणाच्या तरी जिवावर बसून राहिलो असतो.

तुमचं भांडण संपेना. मी वळलो आणि पश्चिमेकडची बस धरली.

डेकवर बसून लिहितोय. किनारा केव्हाच गेला, तरी मी त्याच बाजूला तोंड करून बसलोय.

कोमांग

•

पारिगीजवळ
२० जुलै २०१७

प्रिय मामा,

तीन महिने झाले, तुमचं पत्र नाही. रागावलात हे समजतं. आईचा खोकला कसा आहे? तुमची कंबर?

मी बरा आहे. आतोबांनी बागेच्या वरच्या अंगाचा उतार मला करायला दिला. तिथे केळी लावून त्यांच्या सावलीत कोकोची नवी रोपं लावली. चार वर्षांनी धरतील. गामेलानमध्ये मला एक वाद्य दिलं आहे, मोठ्या झांजांच्या शेजारी बसतो. आतोबांशी बोलून घराला एक खोली वाढवायची म्हणतोय.

कचेरीचा पाठपुरावा आता सोडून द्या. तुम्हाला त्या जिन्याचा त्रास होतो. एका जागेसाठी किती जणांच्या पायऱ्या चढायच्या? झालं ते झालं.

सगळ्यांना नमस्कार.

कोमांग

•

सेरिरित
९ ऑगस्ट २०१७

चि. कोमांग,

लावार वाया गेलं नाही. गल्लीने खाल्लं, आणि मीठ जास्त झालं असं एकमताने सांगितलं. नारळ उत्तम खवला होता, याची कुणी दखल घेतली नाही.

मी रागावलो नव्हतो. रागावलो असतो तर दुसऱ्या दिवशीच लिहिलं असतं. रागात माझी वाक्यं चांगली होतात. एक गोष्ट लिहायची होती आणि ती कुठल्याच वाक्यात बसत नव्हती. आता तशीच लिहितो.

सातेवाल्याशी मी भांडत नव्हतो. झाडाखाली तू उभा राहिलास तेव्हाच मी तुला पाहिलं. तुझा चेहरा पाहून दवाखान्यात काय झालं ते कळलं. मला वाटलं, याला थोडा वेळ द्यावा. म्हणून त्या बिचाऱ्याला धरून ठेवलं. "अहो गुरुजी, कोळसा विझतोय माझा," असं तो म्हणत होता आणि मी त्याला शेंगदाण्याच्या चटणीत गूळ किती असावा यावर प्रवचन देत होतो. मनात म्हणत होतो, आता येईल, आता रस्ता ओलांडेल. हाक मारली नाही. हाक मारली असती तर तू आला असतास, पण ते मामाने बोलावलं म्हणून झालं असतं. तू वळलास तेव्हा मी त्याच्याकडून साते विकत घेतली आणि आत जाऊन तुझ्या आईला सांगितलं, "बोट चुकली असेल." ती म्हणाली, "हो, चुकली असेल." तिने पान वाढून ठेवलं होतं, ते संध्याकाळपर्यंत उचललं नाही. तिला मी अजून सांगितलेलं नाही. मला वाटतं तिला माहीत आहे.

तू एकवीस म्हणालास ते योग्य केलंस. माझ्या श्लोकाला तसाही एका मात्रेचा दोष होता.

आता पाठपुराव्याबद्दल. जिन्यात मला एक वकीलबाई भेटल्या, लास्त्री. पोलिओने एक पाय गेलेला, कुबडीवर त्या वरचा मजला चढत होत्या. अपंगांच्या संघटनेचं काम करतात. मी हात द्यायला गेलो तर म्हणाल्या, "हात नको, मी दम घेईपर्यंत गप्पा मारा." मी तुझी सगळी हकिगत सांगितली. मधल्या कट्ट्यावर टेकून त्यांनी ऐकली आणि इतक्या मोठ्याने हसल्या की दोन्ही मजल्यांवरून लोक डोकावले. "म्हणजे नोकरी नाकारायला अपंग, आणि हक्क द्यायला धडधाकट?" म्हणाल्या. "गुरुजी, असा माणूस मी कधीची शोधत होते." मी म्हटलं, "पण आम्ही काय सिद्ध करायचं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही काहीच नाही. रंग न दिसल्यामुळे त्या कामात नेमकं काय अडतं, ते त्यांनी सिद्ध करायचं. आणि त्या डॉक्टरीणबाईंना मी साक्षीला बोलावणार." हे मी त्यांना लगेच संस्कृतात करून दाखवलं. त्यांना आवडलं नाही.

सुनावणी सप्टेंबरअखेर आहे. वकीलपत्र सोबत ठेवलं आहे, त्यावर तुझी सही लागेल. माझी चालते का ते विचारून झालं, चालत नाही. सोडून द्या असं तू लिहिलंस, ते मी वाचलं. पायऱ्या माझ्या, गुडघे माझे, त्यांची काळजी तू करू नकोस. खटला हरलो तर वरच्या कोर्टात जाऊ, तिथेही जिनाच असेल. जिंकलो तर जागा तुझी. त्या जागेची मला खरोखर चिंता नाही. मी निवृत्त झाल्यावर संग्रहाचं काय होईल याचीही, जितकी बोलून दाखवतो तितकी नाही. ती पानं आपल्याआधी होती, आपल्यानंतरही कुठेतरी पडून राहतील.

तुझी सगळी पत्रं काल पुन्हा वाचली. आधीच्या प्रत्येकात तू काहीतरी मागितलं आहेस नाहीतर इथल्या कशासाठी तरी झुरला आहेस. जुलैचं पत्र मी तीन वेळा वाचलं. त्यात आईचा खोकला आहे, माझी कंबर आहे, रोपं आहेत, वाद्य आहे, नवी खोली आहे. इथली आठवण एकही नाही.

तुला तिथे करमायला लागलंय, कोमांग, याची मला भीती वाटते. करमत असेल तर चांगलंच आहे, असं माझ्या वयाच्या माणसाने म्हणायला हवं. सकाळपासून ते लिहायचा प्रयत्न करतो आहे. मला म्हणता येत नाही.

मामा